स्मरणपत्र

कोकण भवनात जिन्यालगतच्या टेबलावर
एकवीस वर्षं मी आवक-जावक सांभाळली.
कागद आला की त्याला नंबर द्यायचा,
गेला की दुसरा.
मधल्या काळात कागद कुठे असतो
हे विचारणं माझ्या कामात बसत नव्हतं.

बामाबाई कोळी आली ती बाजार उरकून, रिकामी पाटी घेऊन.
शिपायाने पाटी बाहेर ठेवायला लावली.
वास आत आला, आणि अर्ज.
दिवाळ्याच्या जेट्टीवरचा दिवा बंद आहे.
पहाटे होडी लागते तेव्हा पाय कुठे ठेवायचा दिसत नाही.
दीर घसरला, अजून अंथरुणात आहे.
खाली अंगठा, आणि शाईत चिकटलेला एक खवला.
नंबर टाकताना मी तो झटकला नाही.

आवक दोन हजार तीनशे अकरा.

जमीन सिडकोची, म्हणून सिडकोकडे.
सिडकोने कळवलं, नोड केव्हाच हस्तांतरित झाला,
महापालिकेने पाहावे.
महापालिकेने पाहिलं: खांब आमचा, धक्का मेरीटाइम बोर्डाचा.
बोर्ड म्हणालं, धक्का आमचाच,
पण केबल तिवरांतून जाते,
कांदळवन कक्षाचा ना-हरकत दाखला जोडावा.
कक्षाने विचारलं, भरतीरेषेच्या अलीकडून की पलीकडून?
महावितरणने एवढंच लिहिलं:
मागील थकबाकी रुपये अडुसष्ट.
कोणाची, ते नमूद नव्हतं.

मी वाचत होते. वाचायचं नसतं, तरी.
आणि खोटं कोणीच बोलत नव्हतं.
ज्याच्या त्याच्या नकाशावर रेघ बरोबर जागी होती.
सगळे नकाशे एकावर एक ठेवून
मी एकदा खिडकीच्या काचेवर धरले,
तर रेघांच्या मध्ये एक फट उरत होती,
जेमतेम खांबाएवढी.
दिवा तिथे होता.

"बाय, दिवा कोनाचा हाय त्यो नको सांगू मना,
पेटवनार कोन त्यो सांग."
मी म्हटलं, प्रक्रियेत आहे.
"त्यो कंच्या मजल्याव बसतो?"

लीलाधर मेश्राम, लाइनमन, मूळचा भंडाऱ्याकडचा,
आमच्या मजल्याचा मीटर बघायला आला होता.
टेबलावर फाइल उघडी होती.
उघडी कशी राहिली, मला सांगता येणार नाही.
त्याने उभ्या उभ्या वाचली.
विचारलं एकच:
"रविवारी ओहोटी किती वाजता असते जी?"

सोमवारी बामाबाई आली, अर्जाशिवाय.
वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार ओले बोंबील
तिने आवक वहीवर ठेवले.
"लागला," म्हणाली. तेवढंच.

आता अडचण माझी.
फाइल निकाली काढायची तर रकाना विचारतो,
कोणाच्या आदेशाने? कोणत्या लेखाशीर्षातून?
दोन्हीला उत्तर नाही.
उत्तर नाही म्हणजे तपासणी,
आणि तपासणी म्हणजे कोणीतरी शिडी घेऊन जाणार.
तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या मनाने एक पत्र लिहिलं.
उपरोक्त विषयी आपला अभिप्राय अद्याप अप्राप्त आहे.
तरी तो त्वरित पाठवावा.
स्मरणपत्र क्रमांक एक.

सगळ्यांनी पूर्वीचीच उत्तरं पाठवली, तारीख बदलून.
मी नंबर दिले. तीन महिने गेले. पुन्हा लिहिलं.
विचारणा चालू आहे तोवर
दिवा लावायचा अधिकार कोणाचा नाही,
आणि विझवायचाही.

निवृत्त होताना प्रांजल खुटवडला चार्ज दिला.
कपाटाची किल्ली, अडकणारा स्टेपलर,
डाव्या ड्रॉवरमधलं झुरळ, सगळं समजावलं,
आणि ही फाइल. निकाली काढू नकोस, म्हटलं.
तिने का विचारलं नाही.
किंवा विचारलं असेल, तेव्हा पंखा मोठ्याने फिरत होता.

काल तिचा फोन आला, आवाज दबलेला.
"मॅडम, आता सगळं संगणकावर आहे,
ती प्रलंबित म्हणून लाल दिसते. साहेब विचारतायत."
तिमाही कधी भरते, मी विचारलं.
"सोमवारी."
मग टाक की पत्र.
"कितवं?"
एकोणतिसावं.